चादरीवरचा मोर कुठं गेला?

मागच्या अंकात मी सहज लिहिलं होतं की जादूची पुस्तकं आणि त्यांच्यावरचे पिक्चर याबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, तर पत्रांचा नुसता गड्डा, म्हणजे आपली सिद्धेश्वरांची जत्रा, भरलाय इथं. बरोबर आहे म्हणा, परीक्षा संपल्यात, बाहेर ४३ चाललंय, दुपारी बाराच्या पुढं सोलापुरात सात रस्ता चौकात कुत्रंसुद्धा दिसत नाही, मग पोरं करणार काय, पडदे ओढून पिक्चर बघणार. सगळ्यांना उत्तर द्यायला जागा नाही, थोडीच घेतलीत, राग मानू नका.

प्रश्न : अक्का, मी हॅरी पॉटरची सातही पुस्तकं दोन-दोनदा वाचलीत. सुट्टीत पप्पांना बळंच बसवून सगळे पिक्चर दाखवले आणि दर दहा मिनिटाला पॉज करून सांगत होते की हे असं नाहीये, इथं पीव्ह्ज नावाचं भूत पाहिजे होतं, इथं हेडमास्तर डम्बलडोर असा ओरडत नाही, तर पप्पा वैतागून म्हणले तूच बघ बाई. मैत्रीण म्हणते पुस्तक वेगळं, पिक्चर वेगळा, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. मी चुकतेय का?
— अकरावी सायन्स, जुळे सोलापूर

अक्का : पप्पांच्या बाबतीत चुकतेयस, बाकी नाही. दर दहा मिनिटाला पॉज म्हणजे जेवणाऱ्याच्या ताटातून घास उचलून त्यात मीठ किती पडलंय ते सांगण्यासारखं आहे, त्यांना एकदा सलग बघू दे आणि मग चहा घेताना भांड.

आता मुद्द्याचं. आधी हिशोब बघ. पहिलं पुस्तक इंग्लंडच्या छापाचं २२३ पानांचं, पिक्चर १५२ मिनिटांचा. पाचवं पुस्तक ७६६ पानांचं, सातातलं सगळ्यात जाड, आणि पिक्चर किती, तर १३८ मिनिटं! म्हणजे पानं तिप्पट-साडेतिप्पट आणि वेळ उलटा कमी. कात्री लागणारच गं, कोणी दिग्दर्शक आला तरी लागणार. त्यामुळं "हे का कापलं" हा प्रश्न मी सोडून दिलाय, मी दुसरंच बघते.

माझे आप्पा लूमवर होते, तीस वर्षं चादरी विणल्या त्यांनी. ते म्हणायचे की चादरीवरचा मोर लहान केला, फुलं काढली, रंग बदलला तरी चादर चादरच राहते, गिऱ्हाईक नाक मुरडेल फार तर. पण उभा धागा एक जरी सुटला ना, तर या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ पडते, ती कुठं घडी घालून लपवता येत नाही. पिक्चर बघताना मी एवढंच बघते, मोर गेलाय का उभा धागा गेलाय.

तर तुझा पीव्ह्ज मोर आहे. मला पण आवडायचा तो, आणि गंमत म्हणजे पहिल्या पिक्चरसाठी रिक मेयॉल नावाच्या ब्रिटिश विनोदी नटाला घेऊन त्याचं शूटिंगसुद्धा झालं होतं, नंतर सगळं काढून टाकलं. वाईट वाटतं, पण गोष्ट काही अडत नाही त्याच्यावाचून.

डम्बलडोरचं मात्र तू बरोबर बोलतेयस. चौथ्या पुस्तकात हॅरीचं नाव स्पर्धेसाठी नावं निवडणाऱ्या त्या जादूच्या पेल्यातून बाहेर येतं तेव्हा म्हातारा शांतपणे विचारतो, आणि पिक्चरमध्ये धावत येऊन पोराला धरून हलवतो. लोक यावर हसतात, जोक करतात, मला ते तसं हसण्यावारी नेण्यासारखं वाटत नाही. पोरानं लबाडीनं नाव घातलं असा अख्ख्या शाळेला संशय आलाय आणि एक माणूस शांत आहे, त्या शांतपणावर त्या पोराचा पुढचा सगळा विश्वास उभा आहे, तो काढला की पुढं हॅरी त्याचं एवढं ऐकतो ते निव्वळ तो म्हातारा आहे म्हणून, असं दिसतं.

आणि एक तू लिहिलं नाहीस पण मला जास्त टोचतं ते तिसऱ्यातलं. तो नकाशा असतो ना, ज्यावर शाळेत कोण कुठं चाललंय ते दिसतं, तो हॅरीच्या बापानं आणि त्याच्या मित्रांनी बनवलेला असतो, आणि बाप शिंगवाल्या हरणाचं रूप घ्यायचा. पिक्चरमध्ये हे कोणी सांगतच नाही. मग शेवटी तळ्याकाठी हॅरीच्या कांडीतून हरीण निघतं तेव्हा पुस्तक वाचलेल्याच्या अंगावर काटा येतो आणि तुझ्या पप्पांना वाटतं, बरंय, छान हरीण आहे. पिक्चर थांबवायचाच होता तर तिथं थांबवायचा होतास.

एवढं असून मला आठही पिक्चरमध्ये तिसराच सगळ्यात आवडतो, हे वाचून तू चिडशील, चीड. त्याच्या दिग्दर्शकानं, अल्फोन्सो क्वारोननं, तिघा पोरांना आपापल्या पात्रावर निबंध लिहायला लावला होता, एमा वॉटसननं १६ पानं लिहिली, डॅनियलनं एक पान, रूपर्टनं दिलाच नाही. म्हणजे तिघंही हुबेहूब हर्माईनी, हॅरी आणि रॉन! ज्याला एवढं कळलं त्याचा एक धागा सुटला तर मी माफ करते. रेघ दिसते, पण अंगावर घेते.

प्रश्न : ताई, माझा मुलगा पाचवीला आहे, सेमी इंग्लिश. हॅरी पॉटर हिंदीत डब केलेला बघितला, नार्निया बघितला, पण पुस्तक हातात दिलं की पळतो. माझे मिस्टर म्हणतात आधी पिक्चर दाखवला तिथंच चुकलं, आता पुस्तक कशाला वाचेल. आणि इंग्रजी त्याला एवढं झेपत नाही.
— एक आई, होटगी रोड

अक्का : मिस्टरांना सांगा, काही चुकलं नाही. रामायण आपण सगळ्यांनी आधी वाचलं का? आधी ऐकलं, टीव्हीवर बघितलं, मग कोणी वाचलं, कोणी नाही वाचलं. शेवट माहीत असून परत ऐकावं वाटतं तीच गोष्ट चांगली.

इंग्रजीचा हट्ट कशाला पण? मराठीत आहे की. पहिल्या भागाचं मराठी नाव 'हॅरी पॉटर आणि परीस', आणि मला विचाराल तर हे नाव मूळ नावापेक्षा चांगलं आहे. तुम्हाला एक गंमत सांगते. १९९७ला इंग्लंडमध्ये पुस्तक आलं तेव्हा नावात 'फिलॉसॉफर्स स्टोन' होतं, दुसऱ्या वर्षी अमेरिकेत छापताना तिथल्या प्रकाशकाला वाटलं की फिलॉसॉफर वाचून पोरांना तत्त्वज्ञानाचं पुस्तक वाटेल, म्हणून 'सॉर्सरर्स स्टोन' केलं. मग पिक्चर काढताना पंचाईत, त्या दगडाचं नाव जिथं जिथं येतं ते सीन दोनदा शूट करावे लागले, एकदा इंग्लंडसाठी, एकदा अमेरिकेसाठी. आणि आपल्याकडं? परीस म्हटलं की संपलं. लोखंडाला लागला की सोनं, हे आमच्या आज्जीलाही माहीत होतं आणि ती शाळेची पायरी चढली नव्हती. तुमच्या मुलाला नुसतं विचारा की परीस म्हणजे काय, आणि त्याचं उत्तर ऐकून पुस्तक उघडा.

एक करा, पहिल्यापासून वाचायला लावू नका. पिक्चरमध्ये नसलेलं एखादं प्रकरण तुम्हीच रात्री मोठ्यानं वाचा आणि ऐन रंगात आलं की भाकरी टाकायचीय म्हणून उठून जा. दोन दिवस भाकरी जरा सावकाश करा. लहान मुलाला पिक्चरमध्ये काय नव्हतं हे आपल्याला कळलं की फार मोठं झाल्यासारखं वाटतं, वरच्या अकरावीवालीचं पत्र वाचलंच असेल तुम्ही.

प्रश्न : पर्सी जॅक्सनचा जुना पिक्चर बघू का नवीन सिरीज? एका वाक्यात सांगा, टाईम नाही.
— नववी, विजापूर रोड

अक्का : सिरीज. पुस्तकात पर्सी, म्हणजे एका ग्रीक देवाचा पोरगा, १२ वर्षांचा आहे आणि सोळाव्या वाढदिवसाशी एक भयंकर भाकीत बांधलेलं आहे, म्हणजे पाच पुस्तकं ते घड्याळ टिकटिक करतंय, आणि २०१०च्या पिक्चरनं पहिल्याच भागात त्याला थेट सोळा-सतराचा थोराड पोरगा करून टाकला, घड्याळच काढलं भिंतीवरचं, मग राहिलं काय, देवाची वीज चोरली कोणी एवढंच. लेखक रिक रिऑर्डननं शूटिंगच्या आधीच निर्मात्यांना मेल करून सांगितलं होतं की वय वाढवू नका, ऐकलं नाही, नंतर त्यानं ते मेल सगळ्यांसमोर ठेवले. २०२३च्या सिरीजमध्ये तो स्वतः बसला आणि पर्सी परत १२ वर्षांचा झाला. हे एक वाक्य नाही झालं, पण तुला टाईम नाही म्हणतोस आणि पहिल्या सीझनचे आठ भाग बघणारच आहेस की बे.

प्रश्न : अक्का नमस्कार. माझी तक्रार वेगळीये. मी ज्या सिरीजला हात लावतो ती अर्धवट बंद पडते. एरागॉन बघितला, पुढचा आलाच नाही. गोल्डन कंपास, तेच. डायव्हर्जंटचे तीन बघितले आणि चौथा म्हणजे शेवटचाच नाही! मित्र मला पनवती म्हणायला लागलेत. हे असं का होतं?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सध्या पुण्यात, मूळ अशोक चौक

अक्का : तू पनवती नाहीस बाळा, तू उशिरा आलास. २००१मध्ये हॅरी पॉटर आणि त्याच वर्षी लॉर्ड ऑफ द रिंग्ज असे दोन्ही तुफान चालले, आणि मग तिकडच्या प्रत्येक स्टुडिओला वाटलं आपल्याकडं पण एक असा पोरगा किंवा पोरगी पाहिजे जी जगाला वाचवेल. आपल्याकडं एका गाडीवर गर्दी दिसली की पुढच्या महिन्यात त्याच गल्लीत चार गाड्या लागतात ना, तसं. जी जी जाड सिरीज दिसेल तिचे हक्क विकत घ्यायला सुरुवात.

पण मोठ्या कादंबरीच्या पहिल्या भागात नुसती मांडामांड असते, माणसं कोण, जग कसं, खरा खेळ पुढं. आणि पैसे तर पहिल्याच पिक्चरनं मिळवून द्यायला पाहिजेत. म्हणून हे लोक पहिल्यालाच सगळं उरकायला बघतात आणि तिथं फसतात. एरागॉन बघ, क्रिस्टोफर पाओलिनीनं ते १५व्या वर्षी लिहायला घेतलं, घरच्यांनीच आधी छापलं, मग मोठ्या प्रकाशकानं २००३ला आणलं आणि पोरांनी डोक्यावर घेतलं. २००६च्या पिक्चरनं बुटक्यांचं अख्खं राज्य गाळलं, आता पुढच्या पुस्तकात त्यांच्यावाचून पान हलत नाही तर पुढचा पिक्चर काढणार कशावर? धागाच नाही ठेवला जोडायला.

गोल्डन कंपासचं जास्त वाईट वाटतं. पुस्तकाचा शेवट काळीज हलवणारा आहे, काय होतं ते सांगत नाही, तू वाचलं नसशील तर वाच. तो शेवट शूट केला होता आणि नंतर काढून टाकला, म्हटले पुढच्या भागाच्या सुरुवातीला घालू, लोकांना गोड वाटून घरी जाऊ दे. पुढचा भागच आला नाही. ऑस्कर मिळालं त्याला व्हिज्युअल इफेक्ट्सचं, अस्वलं खरंच झकास होती, पण पोटातलं दुखणं काढून घेतलं की अस्वलं काय करणार. २०१९ला त्याच पुस्तकांवर टीव्ही सिरीज आली आणि २०२२ला पूर्णसुद्धा झाली, ती बघ, निदान तुझी पनवती तरी पुसली जाईल.

डायव्हर्जंटचं दुखणं निराळं आहे. हॅरी पॉटरचं सातवं पुस्तक दोन पिक्चरमध्ये केलं, २०१० आणि २०११, ते ठीक, तेवढा ऐवज होता त्यात. मग ट्वायलाइटवाल्यांनी शेवटच्या पुस्तकाचे दोन केले, हंगर गेम्सवाल्यांनी केले, आणि मग डायव्हर्जंटवाल्यांनी पण ठरवलं. एक सिंगल चादर दोघांनी ओढली की काय होतं, दोघांचेही पाय उघडे. २०१६ला पहिला अर्धा आपटला, दुसरा अर्धा टीव्हीवर आणू म्हणाले आणि तेही बारगळलं.

आणि एक राहिलंच, पोरं मोठी होतात! पडद्यावरची पण. स्टुडिओनं दोन वर्षं विचार करत बसायचं ठरवलं तर शाळेतला हिरो दाढी करायला लागतो.

हंगर गेम्सचं नाव काढलंच आहे तर, ती काही जादूची गोष्ट नाही म्हणा, पण धागा कसा राखायचा ते तिथं दिसतं. पोरांना एकमेकांना मारायला लावणारा एक खेळ असतो, आणि पुस्तक अख्खं त्यात उतरलेल्या मुलीच्या, कॅटनिसच्या तोंडून आहे, तिला दिसतं तेवढंच आपल्याला दिसतं. पिक्चरमध्ये तिच्या डोक्यात शिरता येत नाही, तर त्यांनी काय केलं, खेळ चालवणाऱ्यांची कंट्रोल रूम दाखवली, बटणं दाबून जंगलाला आग लावणारी माणसं दाखवली. पुस्तकात ती खोली नाहीच. तिला दिलेला तो पक्ष्याचा बिल्ला पण पुस्तकात दुसऱ्याच मैत्रिणीकडून येतो, ती मैत्रीण पिक्चरमध्ये उडवली, चालतं. त्या खेळामागं माणसं बसलीत आणि त्यांना मजा येतेय ही चीड पुस्तकातली आहे ना, ती राखली.

प्रश्न : आपण दर वेळी या परदेशी चेटकिणी आणि ड्रॅगनचंच कौतुक का करता? मराठीत अद्भुत वाङ्मय नव्हतं का? आमच्या लहानपणी आम्ही नाथमाधवांचं 'वीरधवल' कंदिलाखाली वाचलं आहे. यावर कुणी चित्रपट काढत नाही, आणि आपल्यासारखे लिहिणारेही गप्प.
— निवृत्त मुख्याध्यापक, वय ७८

अक्का : सर, तुमचं पत्र वाचून मी दोन मिनिटं उभीच राहिले. खरं आहे. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्यांत हलब्यांची 'मुक्तामाला' येते, १८६१ची, आणि ती असल्याच चमत्कारिक वळणांची आहे. म्हणजे आपली सुरुवातच तिथून झाली, पुढं सामाजिक कादंबरी आली आणि अद्भुताला आपण लहान मुलांच्या फडताळात ढकलून दिलं. हिंदीवाल्यांनी निदान 'चंद्रकांता' टीव्हीवर आणली, क्रूरसिंगच्या भुवया आमच्या पिढीला अजून स्वप्नात दिसतात.

आपल्याकडं पोरांच्या पुस्तकावर पिक्चर म्हटलं की मला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवतो, २०१७चा. त्यात जादू नाही, पण प्रश्न तोच. पुस्तकातला बन्या, म्हणजे हा फेणे, फुरसुंगीचा शाळकरी पोरगा, पिक्चरमधला अमेय वाघ डॉक्टर व्हायला निघालेला. मला तो पिक्चर बरा वाटला, पण माझ्या भाच्यानं बघून विचारलं की यात लहान मुलं कुठायत, आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. पर्सीचं झालं तेच, फक्त गाव पुणे.

वीरधवल कोणी काढत नाही याला पैसा हे एक कारण, तसला पडदा उभा करायला फार लागतो. पण पैसा हे अर्धंच कारण आहे असं मला वाटतं. गड्ड्यात अक्षता सोहळा बघता ना सर तुम्ही, सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंद्या, संमती कट्ट्यावर 'सत्यम सत्यम दिड्डम दिड्डम' म्हटलं की हजारो हातांतून अक्षता पडतात, आणि लग्न कोणाचं तर एका कुंभारकन्येचं सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी. मी लहानपणी आप्पांच्या खांद्यावर बसून बघायचे आणि मला एकच प्रश्न पडायचा की त्या मुलीला काय वाटलं असेल, दंडाला हळद लावताना. देवाची गोष्ट आहे, तिला धक्का न लावता, भक्तीनंच, त्या मुलीच्या वयाच्या एखाद्या पोरीनं ती आपल्या तोंडून सांगितली तर? मी लिहीन म्हणता म्हणता पन्नाशी आली सर. गप्प बसणाऱ्यांत मी आहेच, ते मान्य.

तुमच्याकडं वीरधवलची जुनी प्रत असेल तर मला दोन दिवस वाचायला द्याल का? हिराचंद नेमचंद वाचनालयात मी विचारणारच आहे, पण कंदिलाखाली वाचलेली वेगळी.

प्रश्न : अक्का, पुस्तक आवडलं आणि पिक्चरनं सगळंच बदललं तरी पिक्चर पण आवडला असं कधी झालंय का तुम्हाला?
— बीए दुसरं वर्ष, बाळे

अक्का : झालंय की. 'हाउल्स मूव्हिंग कॅसल'. डायना विन जोन्सचं पुस्तक १९८६चं, मियाझाकीचा जपानी ॲनिमेशन पिक्चर २००४चा. पुस्तकातला जादूगार मूळचा वेल्समधला, आपल्यासारख्याच साध्या जगातून आलेला, पिक्चरमध्ये ते सगळं गायब, आणि पुस्तकात ज्याची फार बातच नाही ते युद्ध पिक्चरभर, आकाशातून बॉम्ब पडतायत. मोर सोडा, सगळी नक्षीच बदलली. पण सोफी नावाची ती तरणी पोरगी शापानं एका रात्रीत नव्वदीची म्हातारी होते आणि म्हातारी झाल्यावर पहिल्यांदा तिच्या तोंडाला धार येते, कोणाला भीत नाही, हे जसंच्या तसं आहे. आमच्या वाड्यातल्या तीन म्हाताऱ्या मला त्यात दिसल्या, नावं सांगत नाही, त्यातल्या दोघी हे सदर वाचतात.

प्रश्न : मी दहावीची परीक्षा दिलीये. मी एक फँटसी लिहितोय, सात भाग करणार, नायक सोलापूरचा आहे पण त्याचं नाव एड्रियन ठेवलंय कारण पुढं पिक्चर व्हायला बरं पडेल. ड्रॅगन आहेत. पहिला भाग पाठवू का?
— अक्कलकोट रोड, एमआयडीसीजवळ

अक्का : पाठव. पाओलिनी तुझ्याच वयाचा होता हे वर लिहिलंच आहे. पण एड्रियन अक्कलकोट रोडवर कुठं राहतो रे? त्याच्या घरी पाणी किती दिवसाआड येतं? ड्रॅगन सोलापुरात आला तर उन्हाळ्यात तो सिद्धेश्वर तलावाकडंच जाणार, मग तिथं त्याला पहिल्यांदा कोण बघेल, भेळवाला का पहाटे फिरायला येणारे आजोबा? एवढ्या तीन गोष्टी लिहून काढ, नाव आपोआप बदलेल. पिक्चरचं आत्ता डोक्यातून काढ, सात भागांचं पण काढ, वरच्या इंजिनिअरिंगवाल्याचं काय झालं बघितलंस ना.

आणि वहीच पाठव, मोबाईलवर फोटो काढून पाठवू नको. मागच्या वेळी एकानं अठ्ठावीस फोटो पाठवले, त्यातला सहावा उलटा होता आणि अकरावा त्याच्या आईच्या शेंगाचटणीचा. चटणी चांगली दिसत होती, पण गोष्ट तिथं तुटली.